आक्कांनी मला टपाल कचेरी केलं

थांबा थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे, न्हाईतर मला जेवण जाणार न्हाई. ड्युटीवरून आत्ता आलेय, चप्पल बी काढली न्हाई अजून, आन् जिना चढता चढता एक फोन आला. अंबाजोगाईहून. अनोळखी पोरगी. तिनं मला एक प्रश्न विचारला आन् मी जिन्यातच बसून हसायला लागले. शेजारच्या काकू दार उघडून बघायल्या, की हिला झालं तरी काय. तो प्रश्न सांगते, पण आधी आक्का सांगाव्या लागतील. आक्का म्हाईत नसतील तर तो प्रश्न नुसता येडेपणा वाटंल.

तर आक्का.

माझं गाव युसूफ वडगाव. नर्सिंगला अंबाजोगाईत नंबर लागला तवा पप्पा खोली बघायला माझ्यासंग आलते. कुणीतरी आक्कांचा नंबर दिलता. पप्पांनी स्टँडवरून फोन लावला. आक्का म्हणल्या, "लई सोप्पंय. टांगा अड्ड्यापसून सरळ या. टॉकीज लागंल. टॉकीजच्या भितीला धरून वळा. म्होरं मोठा लिंब हाय, लिंबाच्या पल्याड टपाल कचेरी. कचेरीच्या अंगानं गल्लीत आलं की आमचंच घर."

एवढं सोपं म्हणल्यावर पप्पा पिशवी काखंत मारून निघाले. रिक्षावाल्याला विचारलं, टांगा अड्डा कुठंय? तो आधी पप्पांकडं बघितला, मग माझ्याकडं, आन् म्हणला, "काका, घोडा कुठं बांधलाय?" टॉकीज विचारलं तर एकानं मोबाईलचं दुकान दाखवलं. लिंब विचारला तर रसवंतीवाला म्हणला लिंबू पायजे का, किती? उन्हात फिरून फिरून आमी कसंबसं पोचलो तर आक्का दारातच उभ्या. ठेंगण्या, गोऱ्या, चष्म्याला दोरी, साडीचा पदर खोचलेला, जशी काय आत्ता कुणाशी तरी कुस्ती हाय.

पप्पा घाम पुसत म्हणले, "आवो बाई, तुमी सांगितलेलं एक बी रस्त्यात दिसलं न्हाई."

"हाय तितंच हाय सगळं," आक्का म्हणल्या. "दिसत न्हाई, एवढंच."

पप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की चल, दुसरी खोली बघू. पण खोली वरच्या मजल्यावर, हवेशीर, नळाला पाणी, आन् आक्कांनी तेवढ्यात थालीपीठ पुढं केलं, वर लोण्याचा गोळा. पप्पांनी थालीपीठ खाल्लं आन् खोली पक्की झाली. मी तिथं कोर्स संपेस्तोवर राहिले.

आता तुमाला वाटंल आक्कांना विसर पडायचा. अजिबात न्हाई! माझ्या दुधाच्या पिशवीपासून माझ्या मैत्रिणीच्या मावसबहिणीच्या सोयरिकीपर्यंत सगळं ध्यानात. टॉकीज पाडलंय, लिंब रस्त्यात गेलाय, टपाल कचेरीच्या जागी क्लासेसची बिल्डिंग झालीय, हे बी त्यांना ठाऊक. फक्त त्या ते मानायच्या न्हाईत. गावाला सुद्धा मधूनच मोमिनाबाद म्हणायच्या, ते निजामाच्या काळातलं नाव. ते त्यांच्या आईच्या तोंडात होतं म्हणून ह्यांच्या बी.

त्यांच्यासंग बाजारात जाणं म्हणजे लई मज्जा आन् लई ताप. टॉकीज होतं तिथं आता मोकळी पार्किंग हाय, आन् पुढच्या बाजूला बालाजीभाऊंचं मोबाईलचं दुकान. सगळं गाव पार्किंगमधून तिरकं जातं. आक्का न्हाई. आक्का पार्किंगला पूर्ण वळसा घालणार, एका हातानं पदर धरून, कडे-कडेनं. एकदा माझी परीक्षा होती आन् आक्कांना बी तिकडंच जायचं होतं. मी म्हणलं, "आक्का, मधूनच चला ना, उशीर व्हायलाय."

"आगं, मधी भित हाय."

"कुठंय भित?"

"हीच की. भितीतून कशी जाऊ? भूत हाय का मी?"

आन् मी, सांगायला लाज वाटती, मी बी वळसा घालून गेले. परीक्षेला उशिरा पोचले. मॅडमनी विचारलं कावून उशीर, तर काय सांगू, मधी भित होती?

लिंबाचं तर त्याहून भारी. ऊन असलं की आक्का रस्ता ओलांडून पलीकडं जायच्या, जिथं लिंब होता तिथनं चालायच्या, आन् तेवढ्या टप्प्यात डोक्यावरचा पदर खाली घ्यायच्या. सावली आली ना! टप्पा संपला की पदर परत डोक्यावर. मी घामानं चिंब, आन् ह्या म्हणायच्या, "हितं कसं गार वाटतं बघ."

त्यांचे मालक, म्हणजे नवरा, नाना. पाटबंधारे खात्यातून रिटायर. उंच, बारीक, कमी बोलणारे. त्यांचा सगळा दिवस पेपर आन् अडकित्ता ह्यात जायचा. एकदा स्वयंपाकघरातला नळ तुटला आन् पाणी थेट बैठकीत आलं. आक्कांनी प्लंबरला फोन लावला. नवीन पोरगं होतं, केजकडचं. आक्कांनी सांगितलं, टांगा अड्ड्यापसून सरळ ये. ते बिचारं कुठं गेलं देव जाणे. मधून मधून फोन करायचं, "आजी, इथं मोठा दवाखाना लागलाय." "आजी, आता शेतं सुरू झाली." इकडं पाणी वाढत चाललंय. मी तांब्यानं उपसायलेय. नानांनी पाय खाटंवर घेतले, पेपरचं पान उलटलं आन् म्हणले, "आता टांग्यानंच बोलव त्याला."

"तुमी गप बसा," आक्का म्हणल्या. "आजकालच्या पोरांना रस्तेच ठाऊक न्हाईत."

शेवटी मी त्याला फोनवर क्लासेसची बिल्डिंग सांगितली आन् पळत जाऊन तिथनं घेऊन आले. नळ बसवून झाल्यावर आक्कांनी त्याला चहा दिला आन् परत सगळा रस्ता समजावून सांगितला, म्हणजे पुढच्या टायमाला चुकायला नको!

मॅपवाल्या बाईशी त्यांचं भांडण बी सांगतेच. बालाजीभाऊंनी नवीन गाडी घेतली तवा आमाला एक चक्कर मारून आणली. पोटानं मोठा, मनानं त्याहून मोठा माणूस. मोबाईलमधली बाई म्हणली, उजवीकडे वळा. आक्का मागच्या सीटवरून म्हणल्या, "आगं बाई, उजव्या अंगाला टॉकीज हाय, कुठं वळू?" बाई परत म्हणली उजवीकडे वळा. आक्कांना राग आला.

"ही कुठली हाय रे, बालाजी?"

"अमेरिकंची आसंल, आक्का."

"मंग तिला काय ठाऊक हितं काय होतं."

"आक्का, तिला जे हाय ते ठाऊक हाय."

"जे हाय ते काय, कुनालाबी दिसतं," आक्का म्हणल्या आन् काच खाली करून बाहेर बघत बसल्या. बालाजीभाऊंनी आवाज बंद केला. मला आरशातून डोळा मारला.

आता खरी गोष्ट.

आक्कांची एक मैत्रीण होती, जुबेदा. आक्का तिला जुबी म्हणायच्या. दोघी एका बाकावर शिकल्या, एकाच गल्लीत वाढल्या, आन् जुबी लग्न होऊन हैदराबादला गेली ती गेलीच. तिचं माहेरचं माणूस बी हितं कुणी उरलं न्हाई. पण दर रविवारी जेवणं झाली की तिचा फोन यायचा, आन् आक्का बोट भलतीकडंच दाबायच्या म्हणून स्पीकर चालू व्हायचा आन् आमाला सगळ्यांना ऐकू यायचं. सुनांच्या कागाळ्या झाल्या, गुडघे झाले, की जुबी हमखास विचारायची, "कमल, लिंब कसा हाय गं?"

"हाय की. यंदा लई मोहर आलाय. सगळ्या रस्त्यावर सडा."

"आन् टॉकीज?"

"तेबी हाय. रंग दिलाय नवा. हिरवा."

पहिल्यांदा ऐकलं तवा मी नानांकडं बघितलं. नाना सुपारी कातरत होते. म्हणले, "लिंबाला दरवर्षी मोहर येतो हितं. तोडल्यापसून जरा जास्तच."

म्हणजे बघा! इतकी वर्षं आक्कांनी जुबीला एक वीट बी पडली म्हणून सांगितलं न्हाई. आधी म्हणे जीभ रेटली न्हाई, मग रोजचंच झालं, आन् मग कुठल्या तोंडानं सांगणार? टॉकीजला तर त्यांनी दोनदा रंग दिलता.

आन् एका रविवारी जुबी म्हणली, "कमल, मी येतेय. परळीला लग्न हाय नात्यात, नातू गाडीनं आणायलाय. पुढच्या रविवारी दुपारी. आन् ऐक, मला घ्यायला येऊ नको. मी जुन्या स्टँडवर उतरून एकटी चालत येणार. टांगा अड्डा, टॉकीज, लिंब, टपाल कचेरी. डोळे झाकून येते बघ."

आक्का "ये गं ये" म्हणल्या, फोन ठेवला आन् भितीला टेकून खालीच बसल्या. हसू होतं चेहऱ्यावर, पण ते तसंच राहून गेल्यासारखं. त्या दिवशी चहा घेतला न्हाई. दुसऱ्या दिवशी बी धड जेवल्या न्हाईत. मी विचारलं तर म्हणल्या, "ती स्टँडवर उतरंल. चारी दिशांना बघंल. म्हनंल, हे आपलं गाव न्हवं. आन् परत गाडीत बसंल. आन् मंग रविवारी फोन कशाला करंल ती? माझ्याशी बोलायला? माझ्यावर कशाला इसवास ठेवंल?"

मी म्हणलं, "आक्का, खरं सांगून टाका ना."

"तू लिंब तोडल्याचं तिला सांग, मंग बघू," त्या म्हणल्या. आन् मला खरंच जमलं नसतं हो. तिचा तो आवाज ऐकलाय मी, लिंब कसा हाय गं.

पण आक्का म्हणजे आक्का! बुधवारी सकाळी बघते तर एकदम फ्रेश, केस बांधलेले, पदर खोचलेला. नानांना, मला आन् बालाजीभाऊंना बैठकीत बोलावलं आन् म्हणल्या, "घरं न्हाईत तर न्हाईत. मानसं हाईत ना? मानसं उभी करायची."

"कुठं?" नाना म्हणले.

"जागंवर. बालाजी, तू टॉकीज."

बालाजीभाऊ स्वतःकडं बघायले. "आक्का, मी टॉकीज कसा दिसंन?"

"आकार तर हाय. दारात भुईमुगाच्या शेंगांची गाडी लाव. गाणी लाव मोठ्यानं. ती आली की म्हनायचं, या बाई, टॉकीज हेच."

मग नाना लिंब झाले. नानांनी एकच विचारलं, उभं राहायचं का बसायचं. आक्का म्हणल्या लिंबाखाली पार होता, खुर्ची न्या, आन् मोठी छत्री न्या, सावली पायजे.

"आन् बोलायचं काय?"

"झाड बोलतं का कधी?"

"हे बरंय," नाना म्हणले. एवढे खुश झालेले मी त्यांना कधी बघितलं न्हाई.

आन् मी टपाल कचेरी. कावून, तर माझ्याकडं लाल ओढणी होती. टपालपेटी लाल असती ना! क्लासेसच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर, गल्लीच्या तोंडाला उभं राहायचं. टांगा अड्ड्याला माणूस उरलं न्हाई, पण तो स्टँडला लागूनच होता, तिथं आक्का स्वतः थांबणार होत्या. घ्यायला यायचं न्हाई असं ठरलेलं, तर आक्का म्हणल्या, "मी घ्यायला कुठं जातेय? मी टांगा अड्डा हाय."

रविवार. ऊन असं की डांबर चिकटायलंय. मी कोपऱ्यावर उभी, लाल ओढणी, हातात पाण्याची बाटली. क्लासेसची पोरं येता-जाता बघायलीत. एक म्हणलं, "ताई, कुनाची वाट बघायलात?" मी म्हणलं, "जा बे, अभ्यास कर." पलीकडं नाना छत्रीखाली खुर्चीवर, शांत, पेपर मांडीवर. त्याच्या बी पल्याड बालाजीभाऊंच्या गाण्यांचा आवाज. आक्का तर दिसतच नव्हत्या, त्या पार स्टँडवर.

कुणी येईना. मला वाटलं आता आली न्हाई वाटतं ती.

आन् तेवढ्यात पाठीमागून, म्हणजे आमच्याच गल्लीतून, एक म्हातारी बाई चालत आली. काळा बुरखा, तोंड उघडं, मेंदीनं लाल झालेले केस, गोल चेहरा. ती माझ्यापाशी थांबली, बिल्डिंगकडं मान वर करून बघितली आन् आपल्याशीच म्हणली, "हितं टपाल कचेरी होती."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मीच हाय टपाल कचेरी."

बाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "डब्बा तो बराबर लाल है," ती म्हणली.

जुबीखाला होत्या! खाला म्हणजे मावशी. नातवानं मॅप लावलता. त्या अमेरिकंच्या बाईनं गाडी बाहेरच्या रस्त्यानं मागच्या बाजूनं सरळ घराच्या दारात आणली. दाराला कुलूप. मग ह्या उतरून गल्लीतून बाहेर आलत्या. मला रडूच यायला लागलं. आक्कांचं सगळं मुसळ केरात! आन् मला खोटं बोलता येईना, मी घाईघाईत सगळं सांगून टाकलं. टॉकीज, लिंब, हिरवा रंग, आक्कांचं न जेवणं, छत्री, शेंगा, सगळं. म्हणलं, "खाला, आक्कांवर रागावू नका."

जुबीखाला ऐकत ऐकत हसायला लागल्या. इतक्या हसल्या की नातू गाडीतून पळत आला.

"मेरेकू मालूम है, बेटा. सब मालूम," त्या डोळे पुसत म्हणल्या. "ह्या पोट्ट्यानं मला मोबाईलमधी वरून दाखवलं ना कधीच. लिंब न्हाई, टॉकीज न्हाई, सगळं साफ."

"मग फोनवर विचारता कशाला?"

"वो बताती ना. ती सांगती तवा लिंबाला मोहर येतो. तुझ्या मोबाईलमधी येतो का?"

आन् मग एकदम गंभीर झाल्या. विचारलं, कोण कुठं उभं हाय. मी सांगितलं. त्या म्हणल्या, "कमलकू बोलना नक्को." नातवाला म्हणल्या, "चल, गाडी काढ. आल्या रस्त्यानं बाहेर, आन् जुन्या स्टँडला चल." नातू म्हणला, "दादी, घर तो येईच है!" त्याला कोण विचारतंय. गाडी गेली बी.

मी परत टपाल कचेरी. आता मात्र ओढणी नीट करून उभी.

थोड्या टायमानं बालाजीभाऊंची गाणी एकदम मोठी झाली. मग मला त्या दिसल्या. दोघी. हातात हात, शाळेतून सुटल्यासारख्या. आक्का अर्धा पाऊल पुढं, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. बालाजीभाऊ छाती काढून म्हणले, "या बाई, टॉकीज हेच!" जुबीखालांनी रांगेत उभं राहावं तसं उभं राहून सांगितलं, "दोन बाल्कनी." बालाजीभाऊंनी शेंगांच्या दोन पुड्या दिल्या. आन् मग त्या दोघी पार्किंगला वळसा घालून आल्या. आईशप्पथ! जुबीखाला बी! कडे-कडेनं, नसलेल्या भितीला धरून. मी ते बघितलं आन् मला कळलं की आक्का एकट्याच तशा नव्हत्या.

नानांच्या छत्रीखाली दोघी थांबल्या. जुबीखाला म्हणल्या, "लिंब लई वाळला गं, कमल."

नानांना राहवलं न्हाई. "खत मिळत न्हाई वेळेवर," ते म्हणले.

"झाड हाय ना तुमी!" आक्का ओरडल्या, आन् तिघं बी हसायले.

माझ्यापाशी आल्या तर भांडण सुरू. आक्का म्हणल्या पेटी दाराच्या डाव्या अंगाला होती. जुबीखाला म्हणल्या उजव्या. "तुला काय ठाऊक, तुझा हात तरी पोचायचा का पेटीला?" "आन् तू तर पत्रावर तिकीट लावायचंच इसरायची!" मला कधी डावीकडं सरकवायच्या, कधी उजवीकडं. क्लासेसची पोरं गोळा झालेली. शेवटी मी मधी उभी राहिले तवा मिटलं. जाताना जुबीखालांनी हळूच माझा गालगुच्चा घेतला.

संध्याकाळी गाडी गेल्यावर आक्का दारात बसल्या. मला म्हणल्या, "तिला समदं ठाऊक होतं."

मी म्हणलं, "न्हाई हो आक्का, कसं ठाऊक आसंल?"

"लिंबाखाली आली तवा तिनं वर बघितलं न्हाई. लहानपनी पहिलं वर बघायची, पोपट हाईत का म्हनून." शेंगांची टरफलं पदरात गोळा करत होत्या. "तरीबी भितीला वळसा घालून आली गं," त्या म्हणल्या, आन् उठून आत जाऊन पोटभर जेवल्या. पुढच्या रविवारी फोन आलाच. लिंबाला मोहर आलता.

माझा कोर्स संपला, मी पुण्याला नोकरीला आले. निघाले त्या दिवशी आक्का गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या, माझ्या कोपऱ्यापाशी थांबल्या, मला जरा डावीकडं सरकवलं, लांबून बघितलं आन् म्हणल्या, "डाव्याच अंगाला होती. मी सांगते ना." रिक्षातून वळून बघितलं तर त्या अजून तिथंच, मान वाकडी करून अंदाज घेत.

आन् आता तो मघाचा फोन. माझ्या खोलीत नवीन पोरगी राहायला यायलीय, नांदूरघाटची हाय. बिचारी बॅगा घेऊन उन्हात उभी. आक्कांनीच तिला माझा नंबर दिला, चुकलीस तर विचार म्हणून. ती म्हणली, "ताई, आक्का म्हणल्या लई सोप्पंय. लिंबाच्या पुढं सविताचा कोपरा हाय, तिथनं आत वळ. ताई, हा सविताचा कोपरा कुठं आला? मॅपवर तर दिसंना."

सविता म्हणजे मी!

मी जिन्यात बसले, हसले, डोळे पुसले आन् तिला म्हणलं, "हाय तितंच हाय. दिसत न्हाई, एवढंच. तू आधी छत्रीवाले नाना कुठं बसत होते ते विचार."

आता तुमी सांगा, खरं खरं सांगा. तुमच्या गावात हाय का असं कुणी, जे पाडलेल्या भितीला अजून वळसा घालतंय? आन् तुमी कुणाच्या पत्त्यात कोपरा, पेटी, न्हाईतर झाड होऊन उभे राहिलाय का कधी?